हार्डनचे गुण प्लेऑफमध्ये खरंच आटतात का?

पहाटेचा_सामना (पुणे)

एनबीएचे (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे) प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने, आपल्याकडे सकाळी दिसतात. मे महिन्यात मी सहाचा गजर लावून उठतो, चहा टाकतो आणि घरातले झोपलेले असतात म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून सामना बघतो. बारा वर्षं हे चालू आहे, आणि त्यातली बरीच वर्षं मी जेम्स हार्डनसाठी उठलो आहे. त्याच्यावरून मित्रांशी होणारा वाद दरवर्षी तोच. "साखळीत राजा, प्लेऑफमध्ये गायब." मला हे कधी पटलं नाही आणि कधी नीट खोडताही आलं नाही. म्हणून या रविवारी वही घेऊन बसलो आणि त्याच्या ह्यूस्टनच्या वर्षांतले मोठे हंगाम उतरवून काढले.

आधी साखळीतले (म्हणजे ८२ सामन्यांच्या नियमित हंगामातले) दर सामन्याचे गुण, मग प्लेऑफमधले. २०१४-१५ ला २७.४ आणि २७.२. २०१६-१७ ला २९.१ आणि २८.५. तो एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला त्या २०१७-१८ ला ३०.४ आणि २८.६. २०१८-१९ ला ३६.१ आणि ३१.६. २०१९-२० ला ३४.३ आणि २९.६.

प्लेऑफमध्ये तळाचे संघ नसतात, समोरचा प्रत्येक जण आठवडाभर तुमच्याच चित्रफिती बघून आलेला असतो. अशा ठिकाणी ३० चे साडेअठ्ठावीस झाले तर त्याला आटणं म्हणायचं का? शेवटच्या दोन वर्षांत साडेचार-पावणेपाच गुणांची घट आहे हे मान्य. पण तीही छत्तीसवरून एकतीसवर, आणि एकतीस गुणांची सरासरी बहुतेकांच्या नशिबी साखळीतसुद्धा नसते.

मग माझ्या डोळ्यांसमोर दरवेळी मान खाली घालून बाकावर बसलेला हार्डन का येतो? वही चुकतेय की आठवण?

नागपूरकर

भाऊ, वही खरी आहे आणि आठवणपण खरी आहे.

२०१५ ची पश्चिम विभागाची अंतिम मालिका घ्या, गोल्डन स्टेटविरुद्ध. चौथ्या सामन्यात हार्डनचे ४५ गुण, ह्यूस्टन जिंकलं. पाचव्या सामन्यात ११ पैकी २ शॉट, १४ गुण आणि १३ टर्नओव्हर (चेंडू समोरच्यांच्या हाती गमावणं). तेरा! प्लेऑफच्या एका सामन्यात तेवढे टर्नओव्हर कोणी केले नव्हते. तिथेच हंगाम संपला. आता या दोन सामन्यांची सरासरी काढा: साडेएकोणतीस. कागदावर झकास दिसते.

२०१७, सॅन अँटोनियोविरुद्ध सहावा सामना, स्वतःच्या मैदानावर. समोर कवाय लेनर्ड जखमी, खेळतच नव्हता. टोनी पार्करही नव्हता. हार्डनचे १० गुण, पुन्हा ११ पैकी २. ह्यूस्टन ११४-७५ ने हरलं. मी तो सामना दुकान उघडायच्या आधी पाहिला आणि दिवसभर कोणाशी बोललो नाही. हरल्याचं दुःख कमी होतं. तो बास्केटकडे बघतही नव्हता, हे जास्त लागलं.

२०२२ ला फिलाडेल्फियाकडून, मायामीविरुद्ध सहावा सामना: दुसऱ्या अर्ध्या खेळात दोन शॉट, शून्य गुण. २०२५ ला क्लिपर्सकडून, डेन्व्हरविरुद्ध सातवा सामना: ७ गुण. वय, संघ, प्रशिक्षक, सगळं बदललं. हे बदललं नाही. मी याला दबाव म्हणतो.

मध्यक

नागपूरकरांनी सुरुवात करून दिली आहे, मी एक मालिका पूर्ण मांडतो. माझ्या मते या धाग्याचं उत्तर तिच्यात आहे.

२०२३, फिलाडेल्फिया विरुद्ध बॉस्टन. साखळीत हार्डनची सरासरी २१.०. या मालिकेतले त्याचे गुण क्रमाने: ४५, १२, १६, ४२, १७, १३, ९. बेरीज १५४, सरासरी बरोबर २२. म्हणजे साखळीपेक्षा एक गुण जास्त! "गुण टिकले का" असा प्रश्न सरासरीला विचारलात तर ती म्हणेल, टिकले, वर एक वाढला.

पण सातपैकी पाच सामन्यांत तो विशीही गाठू शकला नाही. ओळीत मांडून मधला आकडा घेतला तर १६ येतो. पहिला सामना त्याने जोएल एम्बीड नसताना जवळपास एकट्याने जिंकून दिला, चौथा जादा वेळेत शेवटचा शॉट मारून. सातव्यात ११ पैकी ३, ९ गुण, आणि त्याच दिवशी समोरून जेसन टेटमने ५१ केले.

साखळीत ८२ सामने असतात, बाराचा दिवस पंचेचाळीसच्या दिवसाने भरून निघतो. सात सामन्यांच्या मालिकेत तसं होत नाही. तिथे ४५ गुणांनी एकच सामना जिंकता येतो, उरलेले गुण पुढच्या सामन्याला लागू होत नाहीत. म्हणून सरासरीपेक्षा एखादा खेळाडू वाईट दिवशी किती खाली जातो, हे मी बघतो.

पहाटेचा_सामना

हे मी असं कधी बघितलंच नव्हतं. ४५ आणि ४२ चे सामने मला लख्ख आठवतात. मधले १२ आणि १६ चे पार विसरलो होतो.

ह्यूस्टनकर

मी इथे अठरा वर्षं राहतो आणि २८ मे २०१८ ला टोयोटा सेंटरमध्ये होतो. त्या दिवशी इथे मेमोरियल डेची सुट्टी. गोल्डन स्टेटविरुद्ध सातवा सामना. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

त्या वर्षी आम्ही ६५ सामने जिंकले होते. समोर करी, ड्युरांट, क्ले थॉम्प्सन, ड्रेमंड ग्रीन. मालिकेत ३-२ ने पुढे होतो, पण पाचव्या सामन्याच्या शेवटी क्रिस पॉलच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि तो सहावा, सातवा दोन्ही सामने खेळला नाही. मध्यंतराला आम्ही ५४-४३ ने पुढे. माझ्या शेजारचे अनोळखी आजोबा माझा हात धरून बसले होते. मग थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) हुकायला लागले. एक, दोन, पाच, दहा. लागोपाठ सत्तावीस हुकले. संपूर्ण सामन्यात ४४ पैकी ७. शेवटी १०१-९२.

हार्डनचे त्या दिवशी ३२ गुण होते. त्याच्या साखळीतल्या सरासरीपेक्षा जास्त! थ्री मात्र १३ पैकी २. साखळीत ३६.७ टक्के थ्री मारणारा माणूस त्या प्लेऑफमध्ये २९.९ टक्क्यांवर आला.

नागपूरकर, तुम्ही दबाव म्हणता. मी त्या खुर्चीतून जे पाहिलं ते वेगळं होतं. त्याचे पाय उरले नव्हते. स्टेपबॅक हा शॉट पायांचा असतो. मागे उडी, थांबणं, पुन्हा वर उडी. पॉल असताना चेंडू दोघांत वाटला जायचा. तो गेल्यावर प्रत्येक हल्ला हार्डननेच सुरू करायचा, आणि बचावात दर वेळी स्क्रीन लावून (म्हणजे वाटेत उभं राहून त्याच्या साथीदाराला अडवून) त्यालाच शोधून काढलं जायचं. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागत होते. घाबरलेला हात कुठेही मारतो. थकलेले पाय शॉट आखूड पाडतात.

आणि २०२० चा ओक्लाहोमाविरुद्धचा सातवा सामना कोणी काढत नाही. १५ पैकी ४, १७ गुण, वाईटच. पण शेवटच्या क्षणी लू डॉर्टचा शॉट त्यानेच अडवला आणि आम्ही १०४-१०२ ने मालिका जिंकली. भ्यालेला माणूस ते करत नाही.

अनघा_कोल्हापूर

मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी बचाव करणाऱ्याच्या पायांकडे जाते.

हार्डन डावखुरा. त्याचे गुण मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात: डावीकडे सरकत मारलेला स्टेपबॅक थ्री, डाव्या हाताची बास्केटपर्यंतची मुसंडी, आणि त्या मुसंडीत मिळवलेले फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट). मधला पट्टा, म्हणजे बारा-पंधरा फुटांवरचा उडी मारून घेतलेला साधा शॉट, माइक डँटोनींच्या काळात ह्यूस्टनने जवळजवळ सोडूनच दिला होता. त्यांचा हिशेब असा की त्या शॉटला दोनच गुण आणि तो हुकतोही बराच, त्यापेक्षा थ्री किंवा थेट बास्केट बरं. ८२ सामन्यांच्या हिशेबात ते बरोबरच होतं.

आता २०१९ ची पहिली फेरी बघा, युटाविरुद्ध. रिकी रुबिओ हार्डनच्या समोर उभाच राहायचा नाही. त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूला, जवळजवळ पाठीमागे उभा राहायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं चुकतोय. चुकत नव्हता. स्टेपबॅकची जागा बंद, डावीकडचा रस्ता बंद, उजवीकडचा दरवाजा सताड उघडा. आणि त्या दरवाज्यातून आत गेलं की लांबलचक हातांचा रुडी गोबेर उभा. म्हणजे हार्डनला उजव्या हाताने, गोबेरच्या डोक्यावरून, मधल्या पट्ट्यातून तरंगता शॉट मारायला लावायचं. जो शॉट तो वर्षभर मारत नव्हता, नेमका तोच.

त्या मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात त्याचे पहिले पंधरा शॉट हुकले. एकूण २० पैकी ३. आणि तरी त्याच्या नावापुढे २२ गुण दिसतात, कारण १६ पैकी १४ फ्री थ्रो घातले. ह्यूस्टन १०४-१०१ ने जिंकलंही. म्हणजे बचावाने अडवण्यासारखं जे होतं ते अडवलं, आणि फक्त फ्री थ्रोने त्याला तारलं.

साखळीत हे कोणी का करत नाही? कारण आज ह्यूस्टन, उद्या दुसऱ्या गावात दुसरा संघ. एका माणसासाठी सगळ्या संघाची उभं राहायची पद्धत बदलायला सरावाचे दिवस मिळत नाहीत. प्लेऑफमध्ये दोन आठवडे तोच एक माणूस समोर असतो.

शिट्टी

अनघाताई, फ्री थ्रोवर पंचाच्या बाजूने. मी जिल्हा पातळीवर पंचगिरी करतो.

हार्डनला २०१८-१९ ला दर सामन्याला ११ आणि २०१९-२० ला जवळपास १२ फ्री थ्रो मिळत होते. त्यातले बरेच बचाव करणाऱ्याच्या हातात आपला हात अडकवून मिळवलेले. नियमात बसत होतं, कौशल्यही होतं. २०२१-२२ पासून एनबीएने असल्या अनैसर्गिक हालचालींना फाउल देणं बंद केलं. पण त्याआधीही, निर्वाणीच्या सामन्यात पंचाच्या मनात एक गोष्ट असतेच: निकाल माझ्या शिट्टीने लागू नये. तिथे जो संपर्क स्पष्ट आहे त्यालाच शिट्टी वाजते, जो मुद्दाम ओढवून घेतलेला आहे त्याला कमी. आमच्या तालुक्याच्या अंतिम सामन्यात माझ्याही मनात हेच असतं. ज्याच्या गुणांचा मोठा वाटा शिट्टीवर उभा आहे, त्याच्या पायाखालची थोडी जमीन तिथे सरकतेच.

जुना_फॉरवर्ड (नागपाडा)

मंडळी, मी ऐंशीच्या दशकात नागपाड्याला खेळलो. तेव्हा एनबीए आम्हाला मासिकांतल्या फोटोंतूनच माहीत. पुढे टीव्हीवर नव्वदचं दशक पोटभर पाहिलं. त्यामुळे माझी उदाहरणं जुनी.

कार्ल मलोन. साखळीची कारकिर्दीची सरासरी २५.०, प्लेऑफची २४.७. टिकली की नाही? टिकली. पण शॉटची टक्केवारी साखळीत ५१.६ आणि प्लेऑफमध्ये ४६.३. तेवढ्याच गुणांसाठी त्याला जास्त शॉट खर्च करावे लागले, आणि ते शॉट दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे होते. १९९७ च्या अंतिम मालिकेत, पहिला सामना ८२-८२, नऊ सेकंद बाकी, मलोनला दोन फ्री थ्रो. त्याला "मेलमन" म्हणायचे, म्हणजे पोस्टमन, म्हणून शिकागोच्या पिपेनने जवळ जाऊन सांगितलं की रविवारी टपाल येत नसतं. दोन्ही हुकले. दुसऱ्या बाजूला जॉर्डनने शेवटचा शॉट घातला.

जॉर्डन कारकिर्दीत साखळीच्या ३०.१ वरून प्लेऑफमध्ये ३३.४. हकीम ओलाजुवॉन २१.८ वरून २५.९. ह्यूस्टनकर, हकीम तुमचाच. १९९५ मध्ये एमव्हीपीचा चषक डेव्हिड रॉबिन्सनला मिळाला आणि त्याच रॉबिन्सनविरुद्ध हकीमने सहा सामन्यांत सरासरी पस्तीसच्या वर गुण केले. पाठ बास्केटकडे, एक खांदा इकडे, पाय तिकडे, आणि रॉबिन्सनसारखा बचावपटू हवेत. हकीमकडे एका जागेवरून चार रस्ते होते. एक बंद केला की तो दुसरा घ्यायचा. अनघाताई म्हणतात ते तीन ठिकाणांचं गणित मला म्हणूनच पटतं.

मध्यक

काका, मलोनचं उदाहरण अचूक. पण कारकिर्दीच्या दोन सरासऱ्या शेजारी ठेवताना सांभाळायला हवं. विल्ट चेंबरलेन बघा. साखळी ३०.१, प्लेऑफ २२.५. साडेसात गुणांची घट, म्हणून साठ वर्षं त्याला नावं ठेवली गेली.

विल्टचे प्लेऑफचे १६० सामने. त्यातले ८० लॉस एंजेलिसच्या शेवटच्या पाच हंगामांतले, जेव्हा तो साखळीतही बहुतेक वर्षं विसाच्या आसपास किंवा त्याहून कमी गुण करत होता आणि काम मुख्यतः बचावाचं होतं. साखळीच्या १,०४५ सामन्यांत मात्र त्या काळातले ३३९ च. शिवाय १९६२-६३ ला त्याने ४४.८ ची सरासरी ठेवली आणि संघ प्लेऑफमध्ये पोचलाच नाही. म्हणजे एका पारड्यात तरुण विल्ट जास्त, दुसऱ्यात उतारवयाचा विल्ट जास्त. घट आहे, पण साडेसात नाही. तुलना त्याच वर्षाची त्याच वर्षाशी करावी, जशी धागाकर्त्याने केली आहे.

त्याच वर्षाची केली तरी १९६१-६२ चे ५०.४ प्लेऑफमध्ये ३५.० झाले, हे खरं. पण वाटेत बॉस्टनचा बिल रसेल उभा होता, आणि ती मालिका सातव्या सामन्यात दोन गुणांनी गेली.

नागपूरकर

सगळं वाचलं, दोनदा. अनघाताईंचा प्रतिसाद वाचून युटाचा तो सामना पुन्हा लावला. रुबिओचे पाय मी आधी पाहिलेच नव्हते.

तरी एक सांगा. बचाव करणाऱ्यांनी रस्ते बंद केले हे समजलं. २०२२ ला मायामीविरुद्ध दुसऱ्या अर्ध्यात दोनच शॉट घेतले, ते कोणी बंद केले? हुकलेला शॉट मी माफ करतो. न घेतलेला शॉट माफ करणं माझ्याच्याने होत नाही.

ह्यूस्टनकर

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या रात्री मीही टीव्ही बंद केला होता.

अनघा_कोल्हापूर

नागपूरकर दादा, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. ज्याचे नेहमीचे तीन रस्ते बंद होतात आणि चौथा येत नाही, तो पास देऊ लागतो. मुलींमध्ये मी हे दर स्पर्धेत बघते. प्रेक्षकांना वाटतं घाबरली. तिला खरोखर शॉट दिसत नसतो. मायामीविरुद्ध हार्डनचा पहिला झपाटा आधीच कमी झाला होता, मांडीच्या दुखापतीनंतरचं वर्ष होतं ते. मन आणि पाय वेगळे काढता येत नाहीत असं मला वाटतं, पण सुरुवात पायांपासून होते.

म्हणून मला डर्क नोव्हित्स्की महत्त्वाचा वाटतो. २००७: डॅलसचे ६७ विजय, डर्क एमव्हीपी, साखळीत २४.६. पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाचं गोल्डन स्टेट, आणि त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन, ज्यांनी डर्कला डॅलसमध्ये घडवलं होतं. त्याची प्रत्येक खोड त्यांना माहीत. उंच माणसाऐवजी त्यांनी त्याच्यावर स्टीफन जॅक्सनसारखे बुटके, चिवट खेळाडू सोडले, जे त्याच्या कमरेला चिकटून राहायचे. सरासरी १९.७ वर आली. सहाव्या सामन्यात १३ पैकी २, ८ गुण, हंगाम संपला. एमव्हीपीचा चषक त्याने हरल्यानंतर हातात घेतला. तो फोटो बघवत नाही.

तेव्हा त्यालाही सगळे "मऊ" म्हणाले. त्याने काय केलं? बुटक्या माणसाला पाठीवर घेऊन, एका पायावर मागे झुकत शॉट मारायचा, ज्याला तो बुटका पोचूच शकत नाही, हे हत्यार घासून घासून धारदार केलं. २०११ ला साखळीत २३.०, प्लेऑफमध्ये २७.७, आणि अजिंक्यपद. माणूस तोच होता.

शिट्टी

त्याच २०११ च्या प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या सामन्यात डर्कचे ४८ गुण, फ्री थ्रो २४ पैकी २४. एकही फाउल मुद्दाम ओढवून घेतलेला नव्हता. अंगावर आल्याशिवाय त्याला अडवताच येत नव्हतं. आणि समोरच्या बाकावरून मैदानात येणाऱ्यांत एकवीस वर्षांचा हार्डन होता.

जुना_फॉरवर्ड (नागपाडा)

वा! हे विसरलो होतो.

पहाटेचा_सामना

काल रात्री वहीत नवा रकाना आखला. दर प्लेऑफ मालिकेतले सगळे सामने क्रमाने, आणि शेजारी सर्वात कमी गुणांचे दोन सामने वेगळे. जमाल मरे पहिला घेतला, कारण तो हार्डनच्या अगदी उलट. २०२० ला साखळीत १८.५, प्लेऑफमध्ये २६.५, आणि युटाविरुद्ध लागोपाठ तीन सामन्यांत ५०, ४२, ५०. तोच युटा, तोच गोबेर! मरेकडे मधल्या पट्ट्यातला शॉट आहे. गोबेर मागे राहायचा आणि मरे त्याच्यापर्यंत जायचाच नाही, वाटेतच थांबून मारायचा.

नंतर शे गिलजस-अलेक्झांडर. २०२४-२५ ला ३२.७ वरून २९.९. घट हार्डनच्या एमव्हीपी वर्षापेक्षा जास्त, आणि तरी अजिंक्यपद. इंडियानाविरुद्धच्या सातव्या सामन्यात २९ गुण आणि १२ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास). त्याचाही शॉट बहुतेक मधल्या पट्ट्यातलाच.

मित्रांना आता काय सांगायचं ते मला कळलंय. हार्डनचे गुण आटत नाहीत. काही सामन्यांत ते संपतात, आणि ते सामने बरेचदा शेवटचे असतात. हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण तो माझा आवडता खेळाडू आहे आणि राहील.

नागपूरकर

राहू द्या भाऊ. त्याचे ४५ आपण दोघांनी सकाळी उठून पाहिलेत.

अनघाताई, माझी पुतणी सतरा वर्षांखालच्या संघात आहे, तीही डावखुरी. तिला काय दाखवू?

अनघा_कोल्हापूर

२०१९, युटा, तिसरा सामना, पहिला अर्धा. तिला फक्त रुबिओकडे बघायला सांगा. मग मैदानावर तिच्या डाव्या बाजूला एक मुलगी उभी करा आणि रोज पन्नास शॉट उजवीकडे जाऊन, पेंटच्या (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकटीच्या) अलीकडे थांबून. पहिला महिना चिडेल, चिडू द्या.